पाच पॉइंट दोन

थोरल्या मुलीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच वर्षी तराजूकाकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. त्यामुळे नाती जन्माला आल्या खऱ्या, पण काकांना त्या दिसल्या अशा नाहीतच. दर रविवारी दुधात भिजवलेल्या कापसाचे दोन गोळे घरात यायचे, रडायचे, हसायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

तराजूकाका हे नाव इमारतीनं ठेवलेलं. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, खोटं वजन जप्त करायचं, खऱ्यावर शिक्का मारायचा. त्यांच्याजवळ मखमलीच्या खणांची एक पेटी असायची आणि प्रत्येक खणात एक पितळी वजन निजलेलं असायचं. या वजनांना हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाच्या घामानंसुद्धा वजन वाढतं. जग या पेटीच्या भरवशावर चाललं आहे अशी काकांची समजूत होती. निवृत्तीच्या दिवशी पेटी परत केली तेव्हा जगाचं आता कसं होईल ही काळजी घेऊनच ते घरी आले.

नातींना ओळखण्यासाठीही त्यांनी खात्याचीच पद्धत वापरली. सगळे जण तोंड बघून ओळखायचे, काका दोघींना दोन हातांवर घेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ही थोरली. पाव किलोनं जड आहे." चार रविवार हे छान चाललं. पाचव्या रविवारी धाकटीनं दूध प्यायचं मनावर घेतलं आणि काका दिवसभर थोरलीला धाकटी म्हणत राहिले.

"बाबा, थोरलीच्या कानाखाली तीळ आहे," मुलगी म्हणाली.

"मला तिचा कानच दिसत नाही, तर तीळ कुठून दिसणार!" असं म्हणून काका गॅलरीत जाऊन बसले. गॅलरीतून समोरचं झाड हिरव्या वाफेसारखं दिसायचं. दिव्यांना इंद्रधनुष्याची कडी असायची. जिना चढून येणारा माणूस आधी आवाजानं यायचा, मग रंगानं, आणि सगळ्यात शेवटी स्वतः यायचा. तशी ही दुनिया वाईट नव्हती. तिच्यात कोणाचाही कोपरा टोचत नसे. पण तिच्यात तीळही नव्हता, आणि तो तीळ बघायचाच असं काकांनी ठरवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशन सोपं आहे. पण तुम्हाला मधुमेह आहे. तीन महिन्यांची शुगर आठच्या खाली आणा, लगेच तारीख देते."

ही तीन महिन्यांची शुगर म्हणजे रक्ताच्या पेशींना तीन महिन्यांत किती साखर चिकटली त्याचा हिशेब. आदल्या दिवशी कडक पथ्य करून तिला फसवता येत नाही. काकांना ही तपासणी पहिल्यापासून आवडायची. ती त्यांना सचोटीची वाटायची. म्हणून ते कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये गेले. आकडा आला सात पॉइंट आठ. काकांनी ताबडतोब मुलीला फोन केला. मग, केवळ चौतीस वर्षांची सवय म्हणून, त्याच सकाळी पुलापलीकडच्या लॅबमध्येही रक्त देऊन आले. तिथे आकडा आला आठ पॉइंट पाच.

कोणत्याही शहाण्या माणसानं पहिला कागद डॉक्टरीणबाईंना दाखवला असता आणि दुसरा ट्रंकेत टाकला असता. काकूंनी तसं सुचवलंही. काकांना ते ऐकवेना.

"अगं, एकच माणूस, एकच सकाळ, आणि दोन काटे दोन गोष्टी सांगतात? यातला एक काटा खोटा आहे."

"असेना का. आपल्या बाजूनं आहे ना?"

"खोटा काटा कोणाच्याच बाजूनं नसतो."

"मग बसा झाडाची वाफ बघत," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

समोरच्या दारात निवृत्त हेडमास्तर राहायचे. कोणाच्याही घरातली अडचण त्यांना भिंतीतून ऐकू यायची. ते म्हणाले, "आणखी एका लॅबमध्ये जा, तिन्ही आकड्यांची बेरीज करा आणि तीननं भागा. सरासरी."

"मास्तर, दुकानदारानं खोटं वजन ठेवलं तर सरासरी काढून गिऱ्हाइकाची पिशवी भरते का?"

हेडमास्तर दुखावले. दोन दिवस त्यांनी वर्तमानपत्र उसनं नेलं नाही.

आता प्रश्न असा, की काटा तपासायचा तर प्रमाण वजन पाहिजे. साखरेचा काटा तपासायला प्रमाण वजन कुठून आणायचं? दोन दिवस काका गॅलरीत डोळे मिटून विचार करत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून काकूंनी हाक मारली, "अहो, चहा!" आणि काकांना उत्तर सापडलं.

काकूंना मधुमेह नव्हता. गेल्या सहा वर्षांत तीन वेळा आरोग्य शिबिरांमधून त्यांची तपासणी झाली होती आणि तिन्ही वेळा आकडा आला होता पाच पॉइंट दोन. न हलणारा. काकू अशाच होत्या. त्यांची उठायची वेळ, मिठाचा हात, रागवायची कारणं, यांत चाळीस वर्षांत कणभर फरक पडला नव्हता. घरात मखमलीच्या खणात ठेवल्यासारखं प्रमाण वजन असताना काका जगभर शोधत होते.

"मी काय वजन आहे का तुमचं?" काकू म्हणाल्या. "रक्त माझं काढायचं आणि आकडा तुमचा बघायचा?"

"फक्त तीन लॅब. एकाच सकाळी. मग कोण खरं ते उजेडात येईल."

काकूंनी पदर खोचला. "चला. नाहीतरी भाजी आणायला जायचंच आहे."

पुलापलीकडच्या लॅबमध्ये खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय होतंय यांना?"

"काहीही होत नाही," काका अभिमानानं म्हणाले. "म्हणूनच आणलंय."

"काहीही होत नाही असं लिहिता येत नाही. संगणक घेत नाही."

"मग 'प्रमाण' लिहा."

"तेही घेत नाही."

मागे रांग वाढत होती. शेवटी बाईंनी 'इतर' या शब्दावर बोट दाबलं आणि संगणक खूश झाला. काकू खुर्चीत बसून बाही वर करता करता म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला आणि शेवटी मी 'इतर' झाले."

निकाल आले. पुलापलीकडे पाच पॉइंट दोन. मोठ्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये पाच पॉइंट दोन. आणि कोपऱ्यावर चार पॉइंट पाच. म्हणजे कोपऱ्यावरचा काटा सात दशांशांनी कमी दाखवत होता. म्हणजे काकांचा खरा आकडा आठ पॉइंट पाच होता. म्हणजे ऑपरेशन नाही. काकांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि तो किती किलोचा होता हेही नीट मोजलं होतं.

ते तक्ता करून कोपऱ्यावर गेले. तिथल्या ताईंनी तो हसून घेतला, मग न हसता वाचला, मग आत नेला. ताई रोज सकाळी ठरलेल्या आकड्याचं बाटलीतलं रक्त मशीनवर लावून मशीन तपासायच्या, ही गोष्ट काकांना तेव्हा कळली आणि त्यांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. "म्हणजे तुमच्याकडेही पेटी आहे!" पण मशीनमध्ये घालायच्या औषधाचा नवा डबा आल्यावर ती तपासणी दोन आठवडे राहून गेली होती, असं ताईंना वही बघून दिसलं. त्यांनी मशीन नव्यानं लावून घेतलं, त्या दोन आठवड्यांत येऊन गेलेल्या सगळ्यांना परत बोलावलं आणि काकांचे आभार मानले. त्या दिवशी काका घरी आले ते रस्त्याच्या मधून चालत आले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण पहिले दोन आकडे जुळले नाहीत तेव्हाच रागाच्या भरात काकांनी आरोग्य खात्याला एक पत्र लिहिलं होतं, की लॅबचे काटे कोण तपासतं ते कळवावं. दीड महिन्यानं उत्तर आलं: 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने योग्य त्या कार्यवाहीसाठी वजनमापे खात्याकडे वर्ग करण्यात येत आहे.' हेडमास्तरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि काकांचे डोळे पाणावले. असली वाक्यं त्यांनी स्वतः चौतीस वर्षं लिहिली होती. आपलं एखादं लेकरू परदेशातून मोठं होऊन परत यावं तसं ते वाक्य त्यांच्या दारात उभं होतं.

त्यानंतर वजनमापे खात्याचा नवा निरीक्षक कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये आला. रक्ताच्या मशीनभोवती तो दोनदा फिरला. मशीनला काटा नाही, पारडं नाही, शिक्का मारायला जागा नाही. शेवटी दाराशी ठेवलेला माणसांचा वजनकाटा त्याच्या नजरेस पडला. त्याच्यावरचा शिक्का दोन वर्षं जुना होता. तो काटा जप्त झाला.

"काका," लॅबच्या ताई म्हणाल्या, "रक्त घेते मी. वजन मात्र आता तुम्हीच लोकांना हातावर घेऊन सांगा."

काका आठ दिवस तो कोपरा टाळून लांबच्या वाटेनं जात होते.

दरम्यान घरात उंदीर झाला होता. दुपारी जेवणानंतर काका आरामखुर्चीत पडायचे, पडद्यातून पिवळा उजेड त्यांच्या धुक्यात मिसळायचा, आणि झोप व जाग यांच्या मधल्या त्या मऊ जागेत त्यांना स्वयंपाकघरातून आवाज यायचा. कुरकुर. कुरकुर. थोडा वेळ थांबून पुन्हा कुरकुर. तांदळाच्या डब्याच्या बाजूनं.

"अगं, उंदीर आहे."

"असेल," काकू आतून म्हणायच्या आणि आवाज थांबायचा.

काकांनी पिंजरा आणला. हेडमास्तर म्हणाले पिंजऱ्यात टोमॅटो ठेवा. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या पाव ठेवा. या वहिनी सल्ल्याबरोबर वस्तूही द्यायच्या. काकूंच्या गुडघ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या डब्यातल्या लाल गोळ्या दिल्या होत्या आणि संपल्या की आणखी द्यायच्या. उंदराला टोमॅटोही नको होता आणि पावही नको होता. त्याला तांदूळच पाहिजे होते. काकूंची गुडघ्यांमुळे चाल मंदावली होती. पूर्वी जिन्याच्या अठरा पायऱ्या त्या एका दमात चढायच्या. आता मधल्या वळणावर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला थांबायच्या. काका वर उभे राहून त्यांच्या रंगाची वाट बघायचे. निळ्या साडीचा डाग हळूहळू वर यायचा.

तीन महिने काकांनी पथ्य पाळलं, सकाळी चालले, चहातली साखर सोडली. मग पुन्हा तपासणीचा दिवस आला. सोबत प्रमाण वजनही होतंच. तिन्ही लॅब, एकच सकाळ. 'इतर'.

काकांचा आकडा तिन्हीकडे आठ पॉइंट दोन. दोन दशांशांनी हुकला. काका खुर्चीत बसले. मग हेडमास्तरांनी काकूंचे कागद वाचले: सहा, सहा, सहा.

"सहा?" काका म्हणाले. "हिचा? पाच पॉइंट दोन पाहिजे."

"तिन्हीकडे सहा आहे."

काका उठून उभे राहिले. "मास्तर, तिन्ही काटे बिघडलेत! आठ दशांश जास्त दाखवताहेत!"

हेडमास्तरांचा हिशेब पक्का होता. त्यांनी बोटांवर वजाबाकी केली. "म्हणजे तुमचा खरा आकडा सात पॉइंट चार. तराजूकाका, तुमचं ऑपरेशन होतंय!"

त्यांनी दोघांनी मिळून तक्ता केला. काकांनी सांगितलं, हेडमास्तरांनी फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं. डावीकडे प्रमाण, मध्ये दोष, उजवीकडे दुरुस्त आकडा. गेल्या वेळी हीच पद्धत खरी ठरली होती. कोपऱ्यावरची लॅब तिच्यामुळे सुधारली होती. मग आता ती खोटी कशी ठरेल? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ संध्याकाळी पाचची होती. काका जेवले, तक्ता उशाशी घेतला आणि आरामखुर्चीत पडले.

पिवळा उजेड आला. धुकं आलं. काका आपल्या जुन्या कचेरीत होते. तिथलं सगळंच पांढरं होतं, टेबलं, माणसं, भिंतीवरचं घड्याळही. मोठे साहेब हातात चिमटा घेऊन उभे होते. "पेटी उघडा." काकांनी पेटी उघडली. खणाखणातून वजनं निजली होती, आणि सगळ्यात मोठ्या खणात मखमलीवर पाय दुमडून काकू बसल्या होत्या. लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"याची पडताळणी कधी झाली?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे प्रमाण आहे."

"प्रमाण वजनही दर दोन वर्षांनी मोठ्या कचेरीत तपासणीला जातं. निरीक्षक, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला? वही काढा."

काकांनी वही काढली. पान उलटलं. कोरं. दुसरं उलटलं. कोरं. चाळीस वर्षांची पानं ते उलटत राहिले आणि पेटीतून आवाज येत राहिला. कुरकुर. कुरकुर.

काका जागे झाले. आवाज स्वयंपाकघरातून येत होता. पण आज ते पिंजऱ्याकडे गेले नाहीत. ते बसून राहिले. दुकानदारांना ते नेहमी एक गोष्ट सांगायचे: तुमचा एक काटा वेगळं बोलला तर काटा तपासा, तिन्ही काटे एकच बोलले तर वजन तपासा. चौतीस वर्षांत शंभर वेळा सांगितलं असेल. आज मात्र तीन कागद समोर असून त्यांना ते आठवलं नव्हतं, कारण ते आठवलं की सात पॉइंट चार जात होते. सात पॉइंट चार गेले की ऑपरेशन जात होतं, आणि ऑपरेशन गेलं की तीळ.

साडेचार झाले होते. काकांनी तक्ता उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात खोल सारला.

"अगं, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"डोळ्यांच्या ना? तुम्ही आणि मास्तर जा की."

"डोळ्यांच्या नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. तुला दाखवायला."

"मला? मला काय झालंय?"

"ते मला ठाऊक नाही," काका म्हणाले. "पण आठ दशांश झालंय."

जिना उतरताना त्यांनी काकूंचा हात धरला. खरं तर रोज काकू त्यांचा धरायच्या. हात थंड होता आणि हलका होता. इतका हलका कधी झाला? काकांच्या हातात चौतीस वर्षांचं माप होतं, आणि त्यांनी हा हात कधी तोलून पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी दोघांचे कागद वाचले, काकूंच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग विचारलं, "दम लागतो?"

"जिन्यात थोडा."

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"गुडघ्यांच्या. वरच्या वहिनींनी दिलेल्या. लाल."

"किती दिवस?"

"जुळ्या झाल्या तेव्हापासून. सात-आठ महिने."

"रिकाम्या पोटी?"

"सकाळी पोट भरायला वेळ कुठे असतो?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, एक विचारतो, लाजू नका. खडू, माती, कच्चे तांदूळ, असं काही खावंसं वाटतं का?"

काकू जमिनीकडे बघत होत्या.

"अगं," काका हळूच म्हणाले, "म्हणजे तो उंदीर..."

"मीच," काकू म्हणाल्या. "तीन-चार महिने. हात आपोआप डब्यात जायचा. तुम्ही पिंजरा आणलात तेव्हा मला रडावं की हसावं कळेना."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमचं आकड्यांचं चाललं होतं."

गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि ती महिनोन् महिने थेंबथेंब वाहत होती. अंगात रक्त निम्मं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काकूंना मधुमेह नाही. अंगातलं लोह संपत आलं की हा आकडा असा खोटाच वर चढतो. लॅबचं काही चुकलेलं नाही."

"तिन्ही लॅबचं?"

"तिन्ही लॅबचं. आणि काका, तुमचं आठ पॉइंट दोन..."

"ते खरंच आहे," काका म्हणाले. "ते मला खुर्चीतून उठलो तेव्हाच कळलं."

आणखी दोन महिने गेले असते तर जिन्याच्या वळणावर पिशवी राहिली असती, काकू राहिल्या नसत्या. हे डॉक्टरांनी काकांना नंतर बाहेर बोलावून सांगितलं. काकूंना मोठ्या दवाखान्यात ठेवलं. दोन पिशव्या रक्त चढलं. काका कॉटशेजारी बसून त्या लाल डागाकडे बघत राहायचे.

"आता माझ्यात दोन परक्यांचं रक्त आलं," काकू म्हणाल्या. "तुमचं प्रमाण बाद झालं."

"बाद नाही," काका म्हणाले. "पडताळणीला आलंय."

घर ते दवाखाना हे अंतर काका रोज दोनदा डबा घेऊन चालले. रस्ता दिसत नव्हता, पण रस्त्याला ते आता माहीत झाले होते. वरच्या वहिनी रडत डबा भरून द्यायच्या. लाल गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकला. हेडमास्तर रोज सोबत यायचे आणि वाटेत कशाचीही सरासरी काढायचे नाहीत. काकू घरी आल्यावरही काकांनी चालणं सोडलं नाही. भाजी तेच आणायचे. मुठीत धरून वजन सांगायचे आणि भाजीवालीशी भांडायचे. तीन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या ताईंनी एकाच लॅबचा एकच कागद हातात ठेवला. सात पॉइंट सात. दाराशी नवा वजनकाटा होता, त्याच्यावर ताजा शिक्का होता.

ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा समोर काकू उभ्या होत्या. काकांनी बराच वेळ बघितलं.

"अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुम्ही दुसरीकडे बघत होतात तेव्हा."

रविवारी जुळ्या आल्या. आता त्या भिंत धरून चालत होत्या. काकांनी दोघींना मांडीवर घेतलं, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. थोरलीच्या कानाखाली तीळ होता. मोहरीएवढा, थोडा कडेला. तो त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवला, जसा काही त्यांनीच शोधला होता. संध्याकाळी पिंजरा माळ्यावर गेला.

तराजूकाका वारले ते जुळ्या नऊ वर्षांच्या झाल्या त्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी, आरामखुर्चीत, झोपेत. काकू त्यांच्यानंतर सहा वर्षं होत्या आणि जुळ्यांची दहावी झाली त्या उन्हाळ्यात गेल्या. दर दोन वर्षांनी त्या स्वतःहून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जायच्या आणि काय होतंय असं विचारलं की 'इतर' म्हणायच्या. त्यांच्या पाकिटात सापडलेल्या शेवटच्या कागदावर आकडा होता पाच पॉइंट दोन.